रघुजींची फिरंग पुन्हा घडवायची तर

लंडनच्या सदबीज या लिलावघरात २९ एप्रिल २०२५ रोजी एक तलवार विकली गेली आणि महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांच्या नावाची ही फिरंग, म्हणजे युरोपीय पात्याची तलवार, १८ ऑगस्टला मुंबईत पोचली. विमानतळावर तिचे स्वागत झाले, प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ती लोकांना पाहायला ठेवली गेली, वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली. तलवार कोणाची, नागपुरातून बाहेर गेली कशी, किंमत किती पडली, याची चर्चा झाली. तिचे वजन किती, मुठीजवळ पाते किती जाड आणि अणीजवळ किती पातळ, तोल मुठीपासून किती अंगुळांवर, हे प्रश्न त्या गर्दीत फारसे कोणी विचारले नाहीत.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पुन्हा घडवणे’ हा विषय दिला, तेव्हा हीच तलवार समोर आली. संग्रहालयातली जुनी तलवार पाहून नवी घडवणे हा शोभेचा उद्योग आहे, असा आपल्याकडे समज आहे. या लेखाचे म्हणणे त्याच्या उलट आहे. नीट मापे घेऊन, नीट नोंदी ठेवून केलेली प्रतिकृती हे इतिहासाचे एक साधन आहे, आणि कागदपत्रे ज्या प्रश्नांपाशी गप्प बसतात त्यांची उत्तरे ती देते. पण ती शिस्तीने केली तरच. दिसायला सारखी झाली म्हणून तिचे काम झाले, असे होत नाही.

मुकुटबनच्या नकाशावरून

हे सगळे तपासायला मुकुटबन हे गाव सोयीचे आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातले हे गाव. दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. कापूस-तुरीची रानं, गोंड आणि कोलाम वस्त्या, बाजारात मराठीबरोबर सहज कानावर पडणारी तेलुगू. आजची गावाची ओळख मात्र जमिनीखालच्या मालाची आहे. चुनखडी आहे म्हणून २०२२ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा सिमेंट कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टनांची. जवळच मार्की-मांगलीचे दगडी कोळशाचे पट्टे आहेत. रस्त्यावर ट्रक दिसतात ते सिमेंटचे आणि कोळशाचे.

मुकुटबन हे तलवारींचे गाव नव्हे. पण ते अशा ठिकाणी वसले आहे, की फिरंगीच्या गोष्टीतली सगळी माणसे आणि सगळा माल त्याच्या आजूबाजूला आहे. उत्तरेला नागपूर, म्हणजे रघुजींची राजधानी. पूर्वेला वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर, गोंड राजांची जुनी राजधानी; त्या जिल्ह्यात लोहारा इथली लोहखनिजाची टेकडी. दक्षिणेला आदिलाबाद, निर्मल आणि गोदावरीपलीकडे निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम. या शेवटच्या गावाचे पोलाद एके काळी इराणपर्यंत जात होते, आणि मुकुटबनपासून ते सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे. वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजींना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला, तेव्हा या भागावरचा नागपूरकरांचा हक्क संपला. थोडक्यात, फिरंग बाळगणारे सैन्य आणि पोलाद पिकवणारा मुलूख हे दोन्ही एकाच पट्ट्यात होते. तरीही रघुजींच्या तलवारीचे पाते युरोपचे आहे. हे का, या प्रश्नाला नकाशा उत्तर देत नाही. तिथे भट्टीकडे आणि ऐरणीकडेच जावे लागते.

काचेतून काय दिसते

आधी मूळ वस्तू. सरळ, एकधारी पाते. मुठीजवळ पात्यावर युरोपीय कारागिराची किंवा पेढीची खूण. पाठीवर देवनागरीत सोन्याने घातलेला मजकूर: ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी, मुठीला हिरवे कापड गुंडाळलेले. रघुजी १७५५ मध्ये वारले. आजच्या आंध्र प्रदेशातल्या कडप्पा-कर्नूलपासून बंगाल-ओडिशापर्यंत त्यांच्या स्वाऱ्या झाल्या, आणि छत्रपती शाहूंनी त्यांना सेनासाहेब सुभा हे पद दिले होते. मराठी इतिहासलेखनात मध्ययुग १८१८ पर्यंत धरण्याची रूढी आहे. त्या हिशेबाने ही उत्तर मध्ययुगातली तलवार. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१७ च्या सुमारास नागपूरकरांचा खजिना इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा ती बाहेर गेली असावी असा अंदाज आहे.

ही एकच तलवार अशी नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून प्रिन्स ऑफ वेल्सला १८७५-७६ च्या दौऱ्यात भेट गेलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवारही युरोपीय पात्याचीच. तिच्या पात्यावर ख्रिस्ती अक्षरमुद्रा आहेत. सतराव्या-अठराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून जर्मनी, इटली, स्पेनची पाती दख्खनमध्ये उतरत आणि इथले कारागीर त्यांना इथली मूठ बसवत. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ पासूनच्या अजब बंगल्यात, किंवा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचे दालन पाहताना मुठींच्या नक्षीत डोळा अडकतो. पात्याकडे लक्ष जात नाही, कारण पाते म्हणजे नुसता पट्टा दिसतो. काच जे दाखवते ते दागिन्याच्या नजरेचे आहे. हत्याराचे सगळे शहाणपण जाडीत, उतारात आणि वजनात असते, आणि ते समोरून दिसत नाही.

वजनाचा हिशेब

शिवजयंतीच्या मिरवणुकीत आणि सत्काराच्या मंचावर दिसणाऱ्या बाजारी तलवारी याच अज्ञानातून तयार होतात. पोलादाची किंवा स्टेनलेसची पट्टी घ्यायची, कापायची, कडेला थोडी घासून चकाकी आणायची, पितळी मूठ ओतून बसवायची. यात काय बिघडते ते साध्या गुणाकाराने कळते. ९० सेंटिमीटर लांब, साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि सरसकट ६ मिलिमीटर जाड पट्टीचे घनफळ १८९ घनसेंटिमीटर. पोलादाचा एक घनसेंटिमीटर ७.८५ ग्रॅमचा. म्हणजे नुसते पाते दीड किलोच्या जवळ गेले. त्यावर लोखंडी मूठ चढली की दोन-अडीच किलोंचे धूड होते. याउलट तेवढ्याच लांबीचे पाते अणीकडे जाताना निम्मे पातळ होत गेले, रुंदीला थोडे आवळत गेले आणि पाठीकडून धारेकडे पाचरीसारखे उतरत गेले, तर त्याचे वजन निम्म्याच्याही खाली येते. वापरातल्या जुन्या फिरंगी मुठीसकट साधारण एक ते दीड किलोच्या घरात असतात, त्या यामुळेच. मराठे दोन-दोन मणांच्या तलवारी फिरवत, या लोककथेला या हिशेबात जागा नाही. जड तलवार हे ताकदीचे लक्षण नसून कारागिराने पाते उतरवले नसल्याचे लक्षण आहे.

वजनापेक्षा महत्त्वाची त्याची वाटणी. सारख्या वजनाच्या दोन क्रिकेटच्या बॅटी हातात घेतल्या, तर एक हलकी आणि एक भारी वाटते. खेळणारा पोरगाही हे जाणतो. तलवारीत हाच फरक जिवावर बेततो. फिरंगीचे पाते लांब, म्हणून पुढचा भार जास्त. तो मागे खेचायला मोठी, हाताला वेढणारी पोलादी मूठ, तिची रुंद पट्टी, खालची चकती आणि चकतीतून निघालेला गज. गजाचा उपयोग दुसऱ्या हाताने धरून वार करायला होतो, हे सगळे सांगतात. तो तोल सावरायला म्हणूनही तिथे असतो, हे मात्र मूठ आणि पाते वेगवेगळे तोलून पाहिल्यावरच कळते. मुठीची नक्षी हुबेहूब पण पोलादाऐवजी पोकळ पितळेची केली, तर नक्कल तीच राहते आणि तलवार बदलते.

स्वीडनचे पीटर जॉन्सन हे आज या कामातले मोठे नाव. १५१२ मध्ये वारलेल्या स्वान्ते निल्सन स्तूरे या स्वीडिश राजप्रतिनिधीची तलवार त्यांनी अभ्यासून पुन्हा घडवली. तेव्हापासून युरोपातल्या संग्रहालयांतल्या तलवारी मोजणे हेच त्यांचे काम झाले. त्यांची पद्धत सांगायला सोपी, करायला कंटाळवाणी आहे. पात्याची रुंदी आणि जाडी ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा मोजायची. पन्हळीची खोली मोजायची. तोलाची जागा शोधायची. आडव्या धरलेल्या तलवारीला हलका धक्का देऊन पाते कुठे थरथरते आणि कुठे स्थिर राहते ते पाहायचे. २०१५ मध्ये जर्मनीतल्या झोलिंगेन इथल्या पात्यांच्या संग्रहालयात या अभ्यासाचे प्रदर्शन भरले. झोलिंगेन हे दख्खनमध्ये येणाऱ्या फिरंगी पात्यांचे एक मोठे माहेर. तिथे आज पाती मोजून समजून घेण्याची परंपरा उभी आहे. ज्या मुलखाने ती पाती वापरली, तिथे मात्र ती अजून उभी राहायची आहे.

कोळशाच्या गावात लाकडी कोळसा

आता पोलाद. मुकुटबनच्या पट्ट्यात दगडी कोळसा मुबलक असताना जुन्या लोहारांनी तो का वापरला नाही? उत्तर गंधकात आहे. दगडी कोळशातले गंधक वितळवताना लोखंडात उतरते आणि असे लोखंड लाल असताना घणाखाली तडकते. लाकडी कोळशात गंधक जवळजवळ नसते. युरोपनेही १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोकवर भट्टी चालवेपर्यंत जंगलेच जाळली. विदर्भात ही परंपरा फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड इथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती महापाषाणयुगातली, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुनी. मातीच्या वक्र विटांची ती भट्टी आणि हवा फुंकण्याची मातीची नळी पाहिली, की या भागातल्या लोखंडाच्या कामाला आधार कशाचा होता ते समजते: खनिज, जंगल आणि भाता.

कोनासमुद्रमचे काम त्याहून नाजूक. आधी भट्टीत मऊ लोखंड गाळायचे. मग त्याचे तुकडे मातीच्या मुशीत भरायचे. मुशीच्या मातीत धानाचे तूस कालवलेले असे, म्हणजे आगीत ती फुटत नाही आणि आतली हवाही कार्बनयुक्त राहते. मूस मातीने बंद करून रात्रंदिवस भाता चालवायचा आणि मग सावकाश थंड होऊ द्यायची. आत पोलादाची वाटोळी ढेप तयार होते, तिच्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन. मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारे डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी यांनी हे काम प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले. १८२४ मध्ये ते वारले आणि ते टिपण १८३२ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. इस्फहानचे व्यापारी या गावात येऊन राहत आणि माल स्वतः पारखून घेत, हे त्यातूनच कळते. २०१० मध्ये बंगळूरूची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज आणि इंग्लंडचे एक्सेटर विद्यापीठ यांनी उत्तर तेलंगणाची पाहणी केली, तेव्हा खेड्यापाड्यांतून धातुमळीचे ढीग आणि मुशींचे तुकडे नोंदले गेले.

हे पोलाद पुन्हा करून पाहण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आणि तोच प्रतिकृतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. आयोवातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि फ्लोरिडातले लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षे मुशीत ढेपा काढल्या. ढेप तयार होई, पात्यावर जुन्या तलवारींसारखी लाटांची नक्षी मात्र कधी उमटे, कधी नाही. स्वित्झर्लंडच्या बर्न संग्रहालयातल्या जुन्या पात्यांचे १९२४ मध्ये त्शोके या अभ्यासकाने कापलेले नमुने शिल्लक होते. त्यांची तपासणी आणि ऐरणीवरचे प्रयोग शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला, आणि १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला: खनिजातून आलेला व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश, दर लाखात चार-पाच भागांइतका, ती नक्षी ठरवतो. त्यावरून त्यांनी असेही मांडले, की ही कला लोपण्यामागे ठरावीक खाणींतले खनिज संपणे हेही कारण असेल. कोणत्याही बखरीत हे सापडले नसते. पेंड्रेंच्या फसलेल्या पात्यांनी तो प्रश्न उभा केला.

मग पाते युरोपचे का?

असे पोलाद दारात असताना फिरंगीचे पाते समुद्रापलीकडून का आणले? आपल्याकडे याला दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक म्हणते, आपल्याला तसे पोलाद जमत नव्हते. दुसरे म्हणते, पाती इथलीच, युरोपच्या खुणा नंतर मारलेल्या. खोट्या खुणा मारण्याचे प्रकार इथेही झाले आणि युरोपातही, हे खरे. पण सगळी फिरंगी पाती त्यात घालून मोकळे होता येत नाही. आणि जमत नव्हते म्हणावे तर इस्फहानचा व्यापारी कोनासमुद्रमला कशासाठी बसला होता?

धातूकडे पाहिले की कोडे सुटू लागते. मुशीच्या पोलादात कार्बन भरपूर. त्याची धार जीवघेणी, पण ते वाकवले तर परतण्यापेक्षा मोडण्याकडे झुकते. तापवण्याची मुभाही थोडी: जास्त तापले की घणाखाली चुरा. त्यातून वक्र, ओढून कापणारी, मध्यम लांबीची तलवार उत्तम होते. दोन हात लांबीचे, सरळ, घोड्यावरून भोसकताना वाकून पुन्हा सरळ होणारे पाते हवे असेल, तर कार्बन त्याच्या निम्म्याहून कमी असलेले आणि पाणी देऊन नंतर नरम केलेले पोलाद बरे. झोलिंगेनचे कारागीर असा माल घाऊक काढत, पाणचक्कीवरच्या मोठ्या सहाणांवर घासून. सेनासाहेब सुभ्यांनी घेतले ते युरोपचे श्रेष्ठत्व मान्य करून नव्हे; कामाला योग्य तो माल जिथे चांगला मिळतो तिथून उचलण्याचा तो व्यवहार होता, तोफा आणि घोडे घेताना जो होता तोच. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयातल्या भारतीय तलवारी न्यूट्रॉनच्या झोतात तपासण्याचे प्रयोग झाले आहेत. पाते न कापता, न खरवडता आतल्या पोलादाची जात त्यातून कळते. रघुजींच्या फिरंगीला तसे तपासले, तर हा तर्क टिकतो की मोडतो ते कळेल. आणि मोडला तरी हरकत नाही, कारण मग उत्तर आणखी रंजक असेल.

ऐरणीवर

नव्या पात्याचे काम विदर्भातल्या लोहाराला नवखे वाटायचे कारण नाही. मृगाआधी या भागातल्या बाजारगावांत लोहारांकडे गर्दी असते. वखराची पास, डवऱ्याचे फाळ, विळे, कुऱ्हाडी पाजवून घ्यायला शेतकरी उभे असतात. भात्याच्या जागी विजेवरचा पंखा आला, घण मारायला मात्र अजून जोडीदारच लागतो, आणि घिसाड्यांच्या पालावर ती बहुतेक घरधनीणच असते. पोलाद येते भंगारातून: ट्रकांचे तुटलेले कमानपाटे. कोळसा आणि सिमेंटच्या वाहतुकीच्या या मुलखात त्यांचा तोटा नाही. कमानपाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, आणि वाकून सरळ होणे हाच त्याचा जन्मगुण. फिरंगीच्या पात्याला याहून जवळचा माल आज सहज मिळणार नाही.

पास आणि पाते यांत अडचण होते ती लांबीमुळे. विळ्याला पाणी द्यायचे तर बोटभर धार लाल करून बुडवली की झाले. मीटरभर पाते मुठीपासून अणीपर्यंत एकसारखे लाल करावे लागते. साधारण आठशे-साडेआठशे अंश, पण अणी पातळ म्हणून ती लवकर तापते आणि जळते. जुना लोहार अंधारात रंग पाहून ओळखतो. पडताळा घ्यायचा तर लोहचुंबक लावून पाहता येतो, कारण त्या उष्णतेला पोहोचण्याआधीच पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. मग पाते पाण्यात किंवा तेलात उभे उतरवायचे. तिरके गेले की एक अंग आधी आवळते आणि पाते कमान घेते. पाण्यात फार जोरात थंड झाले की ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते. त्यानंतरचे नरम करणे डोळ्यांचे काम. घासून चकचकीत केलेला पृष्ठभाग पुन्हा हलका तापवला की त्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. विळ्याला पिवळ्यावर थांबायचे. लवचिक पात्याला निळ्यापर्यंत जायचे.

मूठ हे खरे देशी काम, आणि प्रतिकृतीत सर्वांत हयगय तिचीच होते. जुन्या मुठीची पकड आखूड वाटते, म्हणून आजचे कारागीर ती सर्रास लांबवतात. पण वर परज आणि खाली चकती यांच्यात हात घट्ट बसावा, मनगट मोकळे न फिरता खांद्यातून वार व्हावा, हीच त्या मुठीची योजना. लांबवली की लढण्याची रीतच पुसली गेली. पात्याला मूठ जोडायची ती परजेतून पुढे आलेल्या पट्ट्यांत रिबिटी ठोकून, आणि आतली पोकळी लाखेच्या मिश्रणाने भरून. लाख तापवली की मूठ निघते, पाते मोडले तर दुसरे बसते. वेल्डिंगने जोडलेल्या नकलेत ही दुरुस्तीची सोय संपते, आणि एकाच मुठीने दोन-तीन पाती पाहिली असतील ही शक्यताही नजरेआड होते. शेवटी कोफ्तगरी: पोलादावर छिन्नीने बारीक जाळीदार ओरखडे, त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची आणि अकीकाच्या दगडाने घोटायची. ही कला राजस्थानात उदयपूरकडे अजून हातांत आहे.

हरकती

पहिली हरकत अशी, की मूळ तलवार परत आली आहे, मग नक्कल हवी कशाला? कारण मूळ तलवार आता कोणाच्याही हातात देता येणार नाही, आणि देऊही नये. हाताला सांगण्यासारखे जे तिच्यात आहे ते नव्या तलवारीतूनच पोचेल. अंध विद्यार्थी, मर्दानी खेळाचे अभ्यासक, घोडेस्वारीचे जाणकार यांना काच काहीच सांगत नाही.

दुसरी हरकत रास्त आहे: मापे घेताना मूळ वस्तूला इजा होईल. १९२४ मध्ये बर्नची पाती कापली गेली, आज तसे कोणी करू देणार नाही आणि करायची गरजही नाही. त्रिमितीय स्कॅन, क्ष-किरण, न्यूट्रॉन ही साधने स्पर्शाविना काम करतात. जाडी आणि तोल मोजायला हातमोजे घातलेला संग्रहपाल आणि एक तास पुरतो.

तिसरी हरकत लबाडीची. चांगली प्रतिकृती उद्या जुनी म्हणून विकली जाईल. त्यावर उपाय सोपा आहे: मुठीत जाणाऱ्या पात्याच्या शेपटीवर घडवणाऱ्याचे नाव आणि साल खोल कोरायचे, आणि मापांची वही संग्रहालयात ठेवायची. उलट, मूळ वस्तूंची मापे जितकी उघड असतील तितकी बाजारातली खोटी ‘शिवकालीन’ तलवार पकडणे सोपे जाईल. आज त्या लबाडीला आसरा मिळतो तो मापांच्या अभावाचाच.

चौथी हरकत कायद्याची आणि सामाजिक शांततेची. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची, शेती वा घरकामासाठी नसलेली धारदार हत्यारे शस्त्रांत मोजतात. ती मर्यादा योग्यच आहे. म्हणूनच हे काम संग्रहालयाच्या नावाने, परवानगीने, धार न लावता व्हावे. धार नसली तरी जाडीचा उतार, तोल आणि लवचिकपणा तसाच राहतो. अभ्यासाला तेच हवे आहे. आणि मापांना वाहिलेले काम मिरवणुकीत तलवार नाचवण्याच्या हौसेला खतपाणी घालत नाही. दोन मणांच्या दंतकथा मात्र घालतात.

शेवटची हरकत शुद्धतेची. पाते झोलिंगेनच्या धर्तीचे, पोलाद ट्रकच्या पाट्याचे, मग हिला रघुजींची फिरंग कसे म्हणायचे? म्हणू नये. तिला रघुजींच्या फिरंगीची मापप्रतिकृती म्हणावे, आणि कुठे काय बदलले त्याची यादी तिच्यासोबत द्यावी. पोलादाचा प्रश्न वेगळा प्रयोग म्हणून हाती घ्यावा: कोनासमुद्रमच्या रीतीने मुशीत ढेप काढून, तिची वीतभर पट्टी घडवून, दोन्ही पोलादे शेजारी वाकवून पाहावीत. एकाच वस्तूत सगळे खरे करण्याच्या हट्टात सगळेच खोटे होते.

काय करावे

महाराष्ट्राने ही तलवार परत आणण्यासाठी पैसा आणि तत्परता दाखवली, याचे श्रेय द्यायलाच हवे. आता त्याच्या एका लहान अंशाच्या खर्चात पुढचे काम होऊ शकते. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने या फिरंगीचे मोजपत्र मराठीत जाहीर करावे: एकूण वजन, पात्याची लांबी, दर पाच सेंटिमीटरवर रुंदी आणि जाडी, तोलाची जागा, मुठीची आतली पकड, पात्याच्या पोलादाची जात. मग त्या मोजपत्रावरून नागपूर-चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यातल्या लोहारांना, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या धातुशास्त्र विभागांना सोबत घेऊन, बोथट मापप्रतिकृती घडवायला द्यावी. ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात साखळीने बांधून का होईना, पण काचेबाहेर ठेवावी. नैकुंडपासून चालत आलेले लोखंडाचे काम ज्यांनी विळ्या-वखरांत जिवंत ठेवले, त्यांना या कामाची मजुरी मिळावी आणि फलकावर नावही.

वाचकांनीही एक करावे. पुढच्या वेळी शस्त्रांच्या दालनात गेलात, की नक्षी पाहून झाल्यावर तिथल्या संग्रहपालांना या तलवारीचे वजन आणि अणीजवळची जाडी विचारा. लेखी विचारलेत तर आणखी चांगले. संग्रहालये वस्तूंची मापे घेऊ लागतील ती लोक विचारू लागले म्हणूनच.